मागची जागा नसलेली गाडी

पुसदच्या मुलींच्या शाळेत मी रुजू व्हायला गेले, तेव्हा मोठ्या बाई टेबलाखाली होत्या. खोलीत कोणी दिसेना म्हणून मी परत फिरणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "कोण आहे? तो पाना द्या जरा." खुर्चीवर एक पाना, एक हातोडी आणि नववीच्या भूगोलाच्या वह्या होत्या. मी पाना दिला. थोड्या वेळानं चाळिशी ओलांडलेल्या, बुटक्या, पांढऱ्या पातळाला जळमटं चिकटलेल्या एक बाई बाहेर आल्या. त्यांनी टेबल हलवून पाहिलं. ते हललं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मराठी ना? सातवीवर तास आहे तुमचा. सुरू झाला. पळा."

शाळेच्या पाटीवर त्यांचं नाव द्वारका मुधोळकर असं होतं, पण सगळं पुसद त्यांना मोठ्या बाई म्हणायचं. त्या स्वतः आम्हा कोणालाच नावानं हाक मारत नसत. शिक्षिकेला तिच्या विषयाच्या नावानं बोलवायच्या. त्यामुळे पुसदला होते तेवढी वर्षं मी 'मराठी' होते. आमच्यात एक 'गणित' होती, एक 'शिवण' होती, आणि 'गणित' आणि 'शिवण' यांचं अजिबात पटत नसे.

बाईंच्या अंबाड्यात खडू खोचलेला असे आणि नखांत काळं. त्या चालत नसत, निघत. कुठलीही वस्तू बंद पडली की त्यांचा एकच शब्द होता, "उघडा." घड्याळ, हार्मोनियम, विहिरीवरचा पंप, कशालाही उघडा. आत काय आहे ते कळल्याशिवाय कोणत्याही वस्तूला वाईट म्हणायचं नाही, असा त्यांचा नियम होता. लग्न का नाही केलं, असं 'शिवण'नं एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा शिवणाचं मशीन उघडून बसले होते. त्यांना चहा करायला उठले असते तर स्क्रू हरवले असते." हे खरं की गंमत, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता गाडीचं सांगते, कारण गाडीशिवाय बाई सांगून होणार नाहीत.

बाईंचे वडील, घरातले दादा, यवतमाळचे नावाजलेले वकील. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगचा गोरा मॅनेजर कायमचा विलायतेला परतला तेव्हा त्याची गाडी त्यांनी घेतली. लांबच लांब बॉनेट, तारांची चाकं, पाठीवर बांधलेलं जादा चाक, वर छप्पर नाही, आणि बसायला दोनच जागा. शर्यतीची गाडी. तशी त्या मुलखात दुसरी नव्हतीच. वकीलसाहेबांच्या घरचा कायदा असा की पुरुषांनी पुढं बसायचं, बायकांनी मागं. टांगा असो, दमणी असो, कायदा तोच. आणि या गाडीला मागची जागाच नव्हती. म्हणजे झालं असं, की गाडी दारात दहा वर्षं होती आणि घरातली बाई तिच्यात एकदाही बसली नाही. कुठे लग्नाला जायचं असलं की वकीलसाहेब आणि मुलगा अप्पा गाडीतून पुढं जायचे. आई आणि द्वारका सामानासकट बैलगाडीनं मागून, धूळ खात. गाडी निघताना आई दाराशी येऊन नवऱ्याच्या हातावर दही घालायच्या. तेवढाच त्यांचा आणि गाडीचा संबंध.

पुढं एका खटल्यासाठी वकीलसाहेब पुसदला आले असताना, गावाबाहेरच्या बंजारा तांड्याखालच्या नाल्यात गाडी अडकली आणि तिचा आस मोडला. तांड्यातल्या लोकांनी बैल लावून ती वर ओढली. "आठ दिवसांत नेतो," असं सांगून साहेब बसनं गेले, घरी जाऊन आजारी पडले, आणि गेलेच. अप्पा नोकरीला नागपूरला, द्वारकाबाई पुसदला शाळेत, आई त्यांच्याजवळ. गाडी तांड्यावरच राहिली.

ती पुन्हा सगळ्यांना आठवली ती अप्पांमुळे. अप्पा म्हणजे गोल चेहऱ्याचा, खळखळून हसणारा, स्वतःवर खूश असलेला गृहस्थ. ते एकदा दिवाळीला पुसदला आले ते बातमी घेऊनच. मुंबईचे एक शेठ असल्या जुन्या गाड्या शोधत होते. आपली गाडी त्या जातीची, अख्ख्या देशात दोन-तीनच उरल्यात, मिळेल त्या अवस्थेत शेठ उचलतील. बाई जेवत होत्या. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या आई म्हणाल्या, "बरी होती गाडी. आतून कशी असते गं ती?"

हे बाईंनी मला दिवाळीची सुट्टी संपल्यावर, पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. सांगताना त्या खिडकीकडे बघत होत्या. "मराठी, आईनं माझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही. हेही मागितलं नाही. नुसतं विचारलं." मग नाक ओढून म्हणाल्या, "तिचे डोळे चाललेत. मोतीबिंदू. दिसतंय तोवर तिला त्या गाडीत बसवायचंय. पुढं. मी चालवणार."

"तुम्हाला येते चालवता?"

"उघडल्याशिवाय कसं कळेल?"

त्या रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. थावरा नाईक हे तांड्याचे प्रमुख, उंच, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला लाल फेटा. त्यांच्या घरामागं लिंबाखाली, कुडाच्या छपरात, गाडी होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. दिवा, आरसा, एक स्क्रू इकडचा तिकडे झालेला नव्हता. बाईंना बघून नाईक खूश झाले, नायकणीनं गूळ-पाणी दिलं. पण बाईंनी गाडी न्यायची गोष्ट काढताच नाईक मान हलवू लागले.

"बाई, हे ठेव आहे. आमच्या बापदाद्यानं बैलाच्या पाठीवर दूरदूर मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं. दुसऱ्याच्या गोणीचं तोंड कधी उसवलं नाही. वकीलसायेब ठेवून गेले, त त्याइच्याच हातात देतो मी. ते गेले, त दोघं लेकरं संगं या. एकट्याले देत नाही."

"अप्पाला ती विकायची आहे."

"त मंग दोघं माह्या समोर भांडा. मी आयकतो."

आणि तसंच झालं. पुढच्या खेपेला अप्पा आले, तांड्यातली चार वडीलधारी माणसं लिंबाखाली बसली, आणि बहीणभाऊ भांडले. अप्पा म्हणाले, गंजलेलं लोखंड ठेवून काय करणार? बाई म्हणाल्या, गंजलंय की नाही हे न उघडता तुला कसं कळलं? अप्पा म्हणाले, तुझ्यानं होणार नाही. बाई म्हणाल्या, होईल. हे बराच वेळ चाललं. शेवटी नाईकांनी निवाडा दिला: जो कोणी ही गाडी चालती करून तिच्या पायानं परत या दारात आणील, गाडी त्याची. नाही आली तर अप्पांनी न्यावी.

"कबूल," अप्पा हसत म्हणाले. "मुदत गणपतीपर्यंत. तेव्हा मला सुट्टी असते."

"गणपती कायले?" बाई रागावल्या की त्यांच्या तोंडात वऱ्हाडी यायची. "पोळ्याले ये. त्या दिवशी नाही आली त तू लगेच घेऊन जाय."

मुदत स्वतः होऊन कमी करून घेणारी बहीण बघून अप्पांना फार आनंद झाला. मी मात्र कपाळाला हात लावला.

बैलांनी गाडी ओढत शाळेच्या मागच्या पडवीत आणली आणि बाईंनी ती उघडली. वरचा पत्रा काढला, तर आतला लाकडी सांगाडा वाळवीनं पोखरून नुसता भुगा केलेला. हात लावला की गळायचा. नाईक पाहायला आले होते. ते ओट्यावर बसूनच राहिले. "बाहेरून राखली आन् आतून खाल्ली," असं दोनदा म्हणाले. तसेच उठून गेले. मला वाटलं रागावले. आठवड्यानं त्यांच्या बांधावरचा जुना साग तोडून, चिरून, दोन बैलगाड्यांवर लादून आला. सोबत निरोप: ठेवीत तूट आली, भरून देतो.

सांगाडा सोनबा सुतारानं केला. सोनबाचा हात बैलगाड्यांवर बसलेला. त्यानं सगळे सांधे बैलगाडीसारखे जरा सैल ठेवले. त्याच्या मते गाडी खाचखळग्यातून बोलत गेली पाहिजे, मुकी गाडी मोडते. त्यामुळे ती विलायती गाडी पुढं आयुष्यभर करकरत राहिली. मोडलेला आस लोहारानं सांधला, तांबटानं पाण्याची टाकी डागली. सायकलवाल्यानं चाकांच्या तारा बदलल्या. गाद्या उंदरांनी खाल्ल्या होत्या. तिथं नायकणीनं आणि तिच्या सुनांनी लाल कापडावर कवड्या आणि आरसे टाचून नव्या गाद्या शिवून पाठवल्या. मुंबईच्या शेठांनी त्या पाहिल्या असत्या तर त्यांना भोवळ आली असती.

इंजिनाकडे जिनिंगमधले गफूर मिस्त्री बघायचे. म्हणजे बघायच्या बाई, गफूर मिस्त्री बोलायचे. "बाईसाब, ऐसी मशीन मैंने सौ खोली है," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी एक भाग उलटा बसवला आणि इंजिन मागं फिरायला लागलं. बाईंनी तो परत काढला. चांगलं तेल मिळेना तेव्हा मिस्त्रींच्या सांगण्यावरून बैलगाडीच्या आसाला घालतात ते एरंडीचं तेल इंजिनात घातलं. इंजिन चाललं, पण सगळ्या गल्लीत असा काही वास पसरला की ज्याला त्याला लहानपणी नाक दाबून पाजलेला एरंडेलाचा चमचा आठवला. पाचवीच्या दोन मुली वर्गातून उठून पळाल्या. 'गणित' म्हणाल्या, "आता मला रविवारी एरंडेलावरचा सुंठीचा काढाही घ्यावा लागेल." 'शिवण' हसल्या. त्या दोघी त्या दिवसापासून बोलायला लागल्या, हाही त्या गाडीचाच पराक्रम.

एकदा तपासणीस साहेब न सांगता आले. शिक्षकांच्या खोलीत, चहाच्या ट्रेमध्ये रॉकेल ओतून बाईंनी कार्बोरेटर धुवायला ठेवला होता. साहेबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "वा! मुलींच्या शाळेत प्रत्यक्ष प्रयोग!" बाई शांतपणे म्हणाल्या, "हो. अजून यशस्वी व्हायचाय." साहेबांनी शेऱ्यात विज्ञानाच्या अध्यापनाबद्दल समाधान व्यक्त केलं. आमच्याकडे त्या वर्षी विज्ञानाला शिक्षकच नव्हता.

मग गाडी चालवायला शिकणं. इथं माझी परीक्षा होती. मला वाटलं होतं की दुसऱ्या जागेवर मी बसेन. पण बाईंनी साफ सांगितलं, "तिथं आईच्या आधी कोणी बसायचं नाही." आणि वजन सारखं राहावं म्हणून माझ्या जागेवर ज्वारीचं पोतं बसवलं. मी मागून सायकलवर. त्यासाठी मला सायकल शिकावी लागली. त्यांनी पोत्यासकट एकदा शाळेचं कुंपण आणि दोनदा कडब्याची गंजी पाडली. गंजीतून बाहेर यायच्या, पातळावरचा कडबा झटकायच्या, आणि म्हणायच्या, "ब्रेक चांगले लागले. थोडे उशिरा लागले, एवढंच." त्यांच्या आई दाराशी बसून ऐकायच्या. आवाज जवळ आला की मान वर करायच्या. दिसत होतं ते आता सावल्यांसारखं. उन्हाळ्यात त्या माणूस ओळखायच्या, पावसाळा लागला तसं आवाजावरून ओळखायला लागल्या. बाई एक दिवस मला म्हणाल्या, "मराठी, मी हरते की काय गं?" त्यांच्या तोंडून असला प्रश्न मी तोवर ऐकला नव्हता. मी म्हटलं, "चला, पाना देते."

पोळा आला. महाराष्ट्र झाला त्या सालचा पोळा. आईंना आदल्या दिवशीच बैलगाडीनं तांड्यावर पोचवलं होतं. अप्पा तिथं सकाळीच हजर. शेठांचा ट्रक त्यांनी नाल्यापलीकडे सडकेवर आणून उभा केला होता. पावसानं उघाड दिली होती. आम्ही पुसदहून निघालो, पुढं बाई आणि पोतं, मागं एरंडेलाचा धूर खात मी. नाला नीट पार झाला. तांडा दिसायला लागला, बैलांच्या शिंगांचे रंग दिसायला लागले, आणि तांड्याखालच्या चढावर, अगदी मध्यावर, इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि ते बंद पडलं.

बाईंनी बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, लावले. तारा तपासल्या. हँडल फिरवून फिरवून त्यांचा खांदा भरून आला. मी फिरवलं, माझाही भरून आला. सगळा तांडा चढावर येऊन उभा होता. दुपार उलटून गेली तेव्हा अप्पा खाली उतरले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे.

"द्वारके, पुष्कळ केलंस. खरंच. नाईक, आता दोन जोड्या लावा. ट्रकपर्यंत ओढून नेऊ."

"आज?" नाईक म्हणाले.

"आजच. तसं ठरलंय."

चढावर आधी कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. नाईक हसले नाहीत. ते म्हणाले, "सायेब, आज पोळा आहे. आज बैलाच्या मानेवर जू? आज त त्याइची पूजा. तुमी नागपूरले जाऊन बैल इसरले काय?"

"मग... उद्या."

"उद्या त उद्या. म्हंजे आजचा दिवस सरेपर्यंत गाडी बाईची. कोणी हात लावत नाही."

मला तेव्हा आठवलं की पोळ्याची मुदत कोणी सुचवली होती. अप्पांनाही त्याच क्षणी आठवलं असणार. ते बहिणीकडे बघत राहिले. "द्वारके, तू मुद्दाम..."

बॉनेटमधून बाईंचा हात बाहेर आला. "बोलू नकोस. ही वाटी धर. सांडू नकोस."

अप्पांनी वाटी धरली. मग पाना धरला. मग कोट काढून सायकलवर टाकला. पांढऱ्या सदऱ्यावर काळे हात पुसले गेले ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. दोघं भावंडं बॉनेटमध्ये डोकं घालून, "हे नाही गं, ते", "गप रे, तुला काय कळतं" असं करत होती. आणि एकदम अप्पा म्हणाले, "अगं, थांब! दादा त्या बारक्या नळीत फुंकायचे! चढावर असंच व्हायचं, की उतरून फुंकायचे!" नळी काढली. अप्पांनी गाल फुगवून फुंकर मारली, पलीकडून मातीचा एक खडा उडाला, आणि त्यांच्या तोंडात घोटभर पेट्रोल गेलं. ते थुंकत, खोकत, हसत होते. आपण कोणाच्या बाजूनं आहोत हे ते साफ विसरले होते.

पुढच्या हँडलला इंजिन लागलं. बाई बसल्या, गाडी करकरत चढ चढली आणि रंगवलेल्या बैलांच्या रांगेशेजारी नाईकांच्या दारात जाऊन थांबली. नायकणीनं चाकावर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं. नाईक म्हणाले, "आली बाई आपल्या पायानं. ठेव पोचली." आणि त्यांनी फेट्याचा शेव डोळ्यांना लावला.

आईंना हात धरून आणलं. त्यांनी गाडीला हात लावला आणि चाचपत चाचपत मागं निघाल्या. दारावरून, मागच्या चाकावरून, पाठीवरच्या जादा चाकापर्यंत गेल्या आणि तिथं थबकल्या. "द्वारके, इथं कुठं बसायचं गं?"

"इथं नाही आई. पुढं."

"पुढं अप्पा बसेल ना."

बाई पोत्याकडे वळल्या, तोवर अप्पांनीच ज्वारीचं पोतं उचलून बाहेर ठेवलं आणि दार उघडून धरलं. "तू बस, आई. मी चालत येतो. आज बैल मिळत नाहीत."

आई बसल्या. पाय वर घेऊन, मांडी घालून, देवासमोर बसावं तशा. गादीवरच्या कवड्या एकेक चाचपून पाहिल्या. समोरच्या काचेला हात लावला. "अशी असते होय," म्हणाल्या. मी तोंड फिरवलं. मला रडू आवरत नव्हतं आणि मी ते आवरलंही नाही.

त्यानंतर महिनाभरातच माझी बदली झाली, आणि बाई म्हटलं की मला आजही त्या दिवशीचा तो उतार दिसतो. गाडीचा विजेचा भोंगा काही केल्या बोलत नसल्यामुळे सायकलवाल्यानं एक रबरी भोंगा डाव्या बाजूला, आईंच्या हाताशी बांधून दिला होता. गाडी चढ उतरू लागली तेव्हा आईंच्या हाताला तो लागला. त्यांनी दाबला. दचकल्या. पुन्हा दाबला. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं गेला होता, पण तो घ्यायला त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता. अप्पा, नाईक, मी, सगळे चढावर उभे होतो. नाला ओलांडून गाडी सडकेला लागली, वळली, दिसेनाशी झाली, तरी भोंगा ऐकू येत होता. पोळ्याचा दिवस, एकही बैल जुंपलेला नव्हता. पुसदपर्यंतच्या त्या सडकेवर बाजूला व्हायला कोणी म्हणजे कोणी नव्हतं, आणि आई भोंगा वाजवतच होत्या.